खोलीतल्या घाटाशी माझं वैर

मी एक जुना, गंजलेला आणि सध्या भयंकर चिडलेला डिरेलर आहे. मित्रांनो, नाव अवघड वाटलं तर गिअरच्या सायकलच्या मागच्या चाकापाशी बघा. तिथे लहानमोठी दातेरी चक्रं असतात आणि त्यांच्याखाली एक वाकडा, लोंबता लोखंडी हात. तो मी. हँडलवरचा खटका दाबला की तार ओढली जाते, मी साखळीला ढकलतो आणि ती एका चक्रावरून दुसऱ्यावर चढते. खट् असा आवाज होतो. त्या आवाजाला गिअर म्हणतात. बाकी सगळी थापेबाजी.

ऋचाने पहिल्या पगारात ही सायकल घेतली आणि केयूरला दिली. तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. दर रविवारी धायरीहून दोघं निघत. ती तिच्या सायकलवर पुढे, आम्ही मागे. एकदा कात्रजच्या घाटात मी असा काही गिअर टाकला की शेजारच्या एसटीतल्या प्रवाशांना वाटलं, आपली बसच उलटी चालली आहे. दोन प्रवासी घाबरून उतरले. कंडक्टरने त्यांना न मागता सुटे पैसे परत दिले. विश्वास बसत नसेल तर माझा इलाज नाही.

लग्नानंतर घरात तो आला. काळा, बुटका, विजेवर चालणारा स्मार्ट ट्रेनर, म्हणजे खोलीतच सायकल चालवायचं यंत्र. मी त्याला डबाच म्हणतो. केयूरने आमचं मागचं चाक काढून माळ्यावर टाकलं आणि सायकल त्या डब्यावर बसवली. डब्याला चक्र किती, तर एक. मग हँडलला प्लास्टिकचं एक बटण चिकटवलं आणि समोरच्या पडद्यावर बर्फाचा डोंगर लावला. चढ आला की केयूर अंगठ्याने बटण दाबतो, डब्याच्या पोटातली यंत्रणा पेडल हलकं करते, पडद्यावरचा आकडा बदलतो आणि हा म्हणतो, गिअर पडला. कुठे पडला? साखळी जागची हलत नाही. मी जागचा हलत नाही. याला व्हर्च्युअल गिअर म्हणतात. जेवणाचा फोटो बघून ढेकर द्यायची, त्यातला प्रकार.

मला काम उरलं एकच. साखळी सैल पडू नये म्हणून ताणून धरायची. कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खिळ्याला असतो तेवढाच मान. वरून घाम. खोलीत वारा कुठला? केयूरच्या कपाळावरचा खारा घाम हँडलवर ठिबके आणि माझ्या तारेच्या नळीत उतरे. तार आतल्या आत गंजत गेली. डबा मात्र रोज मऊ फडक्याने पुसला जाई.

"आज कुठपर्यंत?" ऋचा दारातून विचारायची.

"आल्प्स."

"बरं. येताना कोथिंबीर आण."

आणि एका संध्याकाळी केयूर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा डिरेलर काढून टाकतो. उगाच लोंबतोय."

"ती सायकल मी दिली होती," ऋचा म्हणाली.

"सायकल ठेवतोय ना. फक्त हा पार्ट."

"मग बाहेर कशी चालवणार?"

"बाहेर जायचंच कशाला? धूळ, खड्डे, कुत्री. इथे तेवढाच क्लाइंब होतो."

ऋचा दारातून आत आली. मग म्हणाली, "रविवारी सिंहगड चढून दाखव. एकदाही पाय न टेकता. चढलास तर काढ त्याला. टेकलास तर तो राहील, आणि दर रविवारी माझ्याबरोबर बाहेर यायचं."

"डन," केयूर म्हणाला. "वरचं पिठलं-भाकरी माझ्याकडून."

पेच बघा, मित्रांनो. मी इमानाने काम केलं तर केयूर चढणार आणि मी भंगारात जाणार. मी ठरवलं, हलायचं नाही.

रविवारी माळ्यावरचं चाक खाली आलं. खडकवासल्यापर्यंत रस्ता सपाट. केयूर शीळ घालत होता. घाट लागला, चढ उभा राहिला आणि केयूरने अंगठा दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. हा प्लास्टिकचं बटण दाबत होता. डबा घरी, भिंतीजवळ, मजेत बसलेला.

"अगं, लॅग होतंय," केयूर धापा टाकत म्हणाला.

"घाटात रेंज नसेल," ऋचा मागे न बघता म्हणाली.

मग याला माझा खटका आठवला. सगळा जोर लावून त्याने तो ढकलला. तार नळीत चिकटून बसलेली. गंजामुळे म्हणा, माझ्या हट्टामुळे म्हणा. मी सगळ्यांना हट्टच सांगतो. सायकल डुलली, थांबली, आणि केयूरचा पाय यमुनाबाईंच्या भज्यांच्या टपरीसमोर टेकला.

"येवढी भारी सायकल," यमुनाबाई कढईतून मान वर करून म्हणाल्या, "अन् ढकलायला आणली व्हय?"

ऋचा परत खाली आली. मला वाटलं, हसेल. तिने माझ्यावरून बोट फिरवलं, बोटाला लाल गंज लागला, आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, थोडं तेल मिळेल?"

"भज्याचं हाय. चालंल का?"

"पळेल."

ऋचाने नळीच्या तोंडाशी थेंब सोडले, तार पुढेमागे ओढली, पुन्हा तेल, पुन्हा ओढ. "दाब आता. हळू."

खट्.

मित्रांनो, त्या आवाजाने समोरच्या डोंगरावरचं धुकं फाटलं आणि कढईतली भजी आपोआप उलटली. यमुनाबाईंना विचारा. हट्ट मी केव्हाच सोडला होता, कारण पाय टेकला होता आणि पैज आम्ही जिंकलो होतो. पुढचा घाट मी केयूरला कडेवर घेतल्यासारखा चढवला. वर पोचल्यावर तो माझ्यापाशी उकिडवा बसला. रुमालाने मला पुसलं, एवढंच.

तुम्हाला वाटेल, आता माझी डब्याशी दोस्ती झाली. मुळीच नाही. सोमवार ते शनिवार मला अजूनही त्याच्याशेजारी टांगतात. पण केयूर डब्यावर बसण्याआधी माझा खटका दोन-चार वेळा वरखाली करतो आणि उतरल्यावर माझ्यावरचा घाम पुसतो. माझ्या अंगाला अजून भज्यांचा वास येतो. डब्याला कसला वास आहे?

तेव्हा बाळांनो, ज्याने तुम्हाला खरा घाट चढवला, त्याला खिळ्यासारखं टांगून ठेवू नका. त्याला हलवत राहा, कोरडं ठेवा, तेल द्या. आणि तुमच्यापैकी कुणाला फुकटात एखादा काळा डबा हवा असेल, तर रविवारी सकाळी या आणि खुशाल उचलून न्या. आम्ही तेव्हा घरी नसतो.