माझे तीन तुटके धागे

मी दुर्बीण बोलतेय. तारे बघायची नव्हे हो, घसा बघायची! डॉक्टर म्हणतात ना, "नाकातून दुर्बीण घालून बघू," आणि समोरच्याचं तोंड एवढंसं होतं, तीच मी. पेन्सिलीहून बारीक, हातभर लांब.

माझ्या पोटात केसाहून बारीक असे हजारो काचेचे धागे आहेत. एकेक धागा उजेडाचा एकेक ठिपका आणतो आणि ठिपके मिळून चित्र होतं. पण दोन धाग्यांमध्ये फट राहतेच. त्यामुळे मी दाखवलेल्या प्रत्येक घशावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसायची. धागा तुटला, की तिथे कायमचा काळा ठिपका. माझे तीन शेजारी शेजारी तुटलेत. एकदा घाईघाईत मला कपाटाच्या दारात चेंगरलं होतं, त्याची ही कृपा.

डॉक्टरबाईंनी बारा वर्षं त्या जाळीतूनच निभावलं. मग त्यांचा कॉम्प्युटरवाला भाचा आला. "आत्या, ही जाळी पुसून देतो," म्हणाला. त्याने मला कोरा कागद दाखवला, माझ्या मागच्या टोकाला लावतात त्या कॅमेऱ्याने फोटो घेतला आणि कुठला धागा कुठे आहे, कुठला तुटलाय, ते कॉम्प्युटरला शिकवलं. आता कॉम्प्युटर प्रत्येक फट आणि ठिपका आजूबाजूचा रंग बघून भरून काढू लागला. काय लख्ख चित्र! मी तर हवेतच होते. त्याने एकच बजावलं होतं, "कॅमेरा काढून परत लावलात, की आधी कागद दाखवा. नाहीतर तो भलतीच जागा पुसत बसेल."

आठ महिने सुरळीत गेले. मग एका सकाळी दवाखान्यात ही गर्दी! मला धुवून आणलं होतं. डॉक्टरबाईंनी गडबडीत कॅमेरा लावला, तो जरा तिरका बसला आणि कागद राहूनच गेला.

खुर्चीत एक शाळेतल्या बाई होत्या. दोन महिने आवाज बसलेला. सोबत नवरा. "घरात शांतता आहे, पण मला ती नकोय," तो म्हणाला. कोणीच हसलं नाही.

डॉक्टरबाईंनी मला बाईंच्या नाकातून घशापर्यंत नेलं आणि पडद्यावरचं चित्र थांबवलं. बारीक जाळी पुसटच होती, पण स्वरतंतूवर काळा डाग. पूर्वी त्यांनी माझा ठिपका झोपेतही ओळखला असता, पण लख्ख चित्रांनी ती सवय मोडली होती.

"डाग दिसतोय. भूल देऊन तुकडा काढावा लागेल, तपासायला."

"कॅन्सर असेल?" बाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तपासल्याशिवाय नाही सांगता यायचं."

नवऱ्याने बायकोची पर्स छातीशी धरली. मी ट्रेमध्ये पडून तडफडत होते. दुसऱ्यांचे घसे बघण्यात जन्म गेला, पण मला स्वतःला घसा नाही!

तेवढ्यात मला धुणाऱ्या मावशी ट्रे न्यायला आल्या. कुठे घाण राहिली नाही ना, म्हणून त्या रोज मला उजेडाकडे धरून आरपार बघतात. त्यांची नजर पडद्यावर गेली.

"अहो डॉक्टरबाई, हे तर हिचेच तीन ठिपके! रोज बघते की मी."

"हिचे कसे असतील? ते तर पुसले..." बोलता बोलता डॉक्टरबाईंचा हात कॅमेऱ्याकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी औषधं लिहायच्या वहीतला कोरा कागद फाडून माझ्यासमोर धरला. डाग कागदावरही जसाच्या तसा!

त्यांनी कॅमेरा सरळ केला, कॉम्प्युटरला धागे पुन्हा दाखवले. "माफ करा, चूक माझी. अजून एकदा घालू?"

"दहादा घाला!" बाई म्हणाल्या.

या वेळी मी जीव ओतून बघितलं. लालसर, सुजलेले, पण अगदी निर्मळ स्वरतंतू.

"ओरडून सुजलाय घसा, बाकी काही नाही. पंधरा दिवस तोंड बंद."

नवरा स्टुलावर मटकन बसला. एकाच वेळी हसत होता आणि डोळे पुसत होता. "पंधराच? महिनाभर गप्प बसवतो हिला!" बाईंनी पर्स ओढून घेतली आणि त्याच्याच पाठीत घातली. माझ्या हजारो धाग्यांवरचं ओझं एकदम उतरलं.

आता धाग्यांऐवजी टोकालाच कॅमेरा असलेली नवी दुर्बीण येतेय. मी कपाटात जाईन, अगदी सुखाने. माझ्या ठिपक्यांपायी एका धडधाकट गळ्यावर हत्यार चालता चालता राहिलं, एवढं पुरे. फक्त एक ऐका. त्या नवीचं चित्र कितीही लख्ख येवो, डाग दिसला तर पेशंटला सांगायच्या आधी तिला रोज धुणाऱ्या मावशींना हाक मारा.