काढलेले शब्द

त्या दिवशीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मयुरीनं पुण्याच्या मंडळींना चांगलंच धारेवर धरलं. तशी ती भांडकुदळ नाही. वऱ्हाडात मलकापूरच्या एका खासगी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, निम्मी मशीनं बंद असतात, तरी तिचा आवाज कधी चढत नाही. पण त्या दिवशी विषय तिच्या थोरल्या भावाचा होता, प्रसेनजितचा, आणि आपली बाजू मांडायला तो या जगात नव्हता. वर्ष होऊन गेलं होतं. किडन्या गेल्या त्याच्या. आमच्या या खारपाणपट्ट्यात असलं खारं पाणी पिऊन दुसरं काय होणार म्हणा!

प्रकरण असं. 'शब्दसोबती' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, मराठी शुद्धलेखन तपासणारं. फुकट, कुणाच्या मालकीचं नाही, गावोगावच्या हौशी लोकांनी मिळून केलेलं. अशा कामात कुणी काय बदललं, कधी बदललं आणि कशासाठी, याची नोंद ठेवणारी यंत्रणा लागतेच. सातबारा पाहिला की जमीन आज कुणाची ते कळतं, पण ती कुणाकडून कुणाकडे गेली ते फेरफारात बघावं लागतं ना, तसंच हे. शब्दसोबतीचे सगळे फेरफार सबव्हर्जन नावाच्या जुन्या यंत्रणेत होते, आणि ती यंत्रणा पुण्यातल्या एका म्हाताऱ्या सर्व्हरवर कशीबशी श्वास घेत होती. सर्व्हर आता बंद होणार होता. सगळं जग गिट वापरतं, आपणही तिकडे जाऊ, असं ठरलं. इथपर्यंत कुणाचीच हरकत नव्हती.

मग राजकुमार सर बोलले. ते प्रकल्पाचे कर्तेधर्ते, बोलणं मोठं गोड. म्हणाले, "जुना इतिहास न्यायचा खटाटोप नको. आजची प्रत उचलू आणि पाटी कोरी करून सुरुवात करू."

झालं! मयुरीचं डोकंच फिरलं. कारण आजच्या प्रतीत प्रसेनजितचा एकही शब्द उरलेला नव्हता. त्यानं उमेदीची कितीतरी वर्षं त्यात वऱ्हाडी शब्द भरले होते. का, तर आपल्याकडच्या पोरानं कोथिंबिरीला 'सांभार' लिहिलं की कॉम्प्युटरनं त्याला 'सांबार' खाऊ घालू नये. टमाट्याला 'भेदरं' म्हटलं की खाली लाल नागमोडी रेघ येऊ नये, बस. पण मधेच कधीतरी ते सगळे शब्द गायब झाले. पुणेवाल्यांनी उडवले, असं मयुरीच्या घरात सगळे धरून चालले होते. प्रसेनजितला विचारलं तर तो "जाऊ दे ना बे" म्हणून विषय बदलायचा.

"वऱ्हाडी ऐकलं की तुम्हाला हसू येतं, माहीत आहे आम्हाला," मयुरी म्हणाली. "माझ्या भावाचे शब्द तुम्ही आधीच फेकले. आता त्यानं ते केले होते, ही नोंदसुद्धा फेकायची? काही वाटतं का?"

राजकुमार सर म्हणाले, "तुम्हीच न्या मग, मॅडम. इतिहासासकट. सर्व्हर बंद व्हायच्या आत झालं तर माझी ना नाही." मग त्यांनी विचारलं, "पण नक्की हवाय ना तुम्हाला?"

"हवाय म्हणजे काय! हवाच आहे."

खरं तर तो तिच्यापेक्षा तिच्या बाबांना जास्त हवा होता. किसनराव रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासत उन्हातान्हात जन्म गेला. प्रसेनजितनं निम्मे शब्द त्यांच्याच तोंडून मिळवले होते. पोरगा समोर बसायचा, "बाबा, याले तुमी काय म्हणत?" असं खोदखोदून विचारायचा, आणि बाप आपल्या मायच्या, आपल्या टोळीतल्या माणसांच्या आठवणीतून एकेक शब्द द्यायचा. पोरगा गेला, तेव्हापासून म्हातारा घरात असून नसल्यासारखा झाला होता. जेवण पुढे ठेवलं तर जेवायचा. मयुरीनं गिटवरच्या नव्या जागेचं सांगितलं, तेव्हा कुठे तो मान वर करून बोलला.

"त्या गीतात माह्या पोराचं नाव दिसन?"

"गीत नाही बाबा, गिट. दिसन ना. नाव दिसन, अन् खाली त्याचे शब्द. मोबाईलवर दाखवतो तुमाले."

तिनं शब्द दिला, तो असा. दुसऱ्याच दिवशी किसनराव विहारात जाऊन सगळ्यांना सांगून आले.

मयुरी कामाला लागली. आधी जुन्या यंत्रणेतल्या प्रत्येक टोपणनावापुढे माणसाचं पूर्ण नाव आणि ईमेल लिहायचा होता. प्रसेनजितचं नाव तिनं बापाच्या नावासकट लिहिलं. त्याच्या ईमेलवर आता कुणीच उत्तर देणार नाही, हे माहीत असूनही तोच लिहिला. तिथे तिला रडू आलं. मग डोळे पुसून तिनं कॉम्प्युटरला सगळं नवीन घरात न्यायची आज्ञा दिली आणि काम थोडं चालून अडकलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडकलं.

सर्व्हरची डिस्क कधीकाळी खराब झाली होती, आणि सुरुवातीच्या वर्षांच्या नोंदी वाचताच येत नव्हत्या. दुसरी प्रत? कुणाकडेच नाही. फुकटच्या कामाची काळजी फुकटच घेतली जाते, दुसरं काय! मयुरीनं जुन्या सगळ्या मंडळींना फोन केले, प्रसेनजितचा बंद पडलेला लॅपटॉप मोताळ्याला दुकानात नेऊन उघडून घेतला. काही हाती लागलं नाही. जिथून वाचता येत होतं, तिथूनच इतिहास सुरू करावा लागला. त्या क्षणापर्यंतचं सगळं मग एका गठ्ठ्यात, पहिली नोंद म्हणून आलं, आणि ती नोंद होती नाशिकच्या कुणा मुलाची. त्या बिचाऱ्यानं एक स्वल्पविराम दुरुस्त केला होता. प्रसेनजितचे सगळे शब्द आता त्याच्या नावावर!

पुढे कुठे तरी नाव असेल, म्हणून तिनं भावाचं नाव शोधलं. असलं तर निदान बाबांना दाखवता येईल. नाव सापडलं. एकाच नोंदीवर. वर त्याचं नाव, त्याखाली त्यानं लिहिलेली एक ओळ, 'वऱ्हाडी शब्द काढले', आणि खाली सगळे शब्द. एकूण एक. लाल रंगात, प्रत्येकापुढे वजाचं चिन्ह.

काढून टाकले होते त्यानंच. पुणेवाल्यांनी नाही. मयुरीनं लगेच राजकुमार सरांना फोन लावला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी एवढं बोलले, तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुमच्या भावाबद्दल सगळ्यांसमोर काय सांगायचं?"

"कोणी सांगितलं होतं त्याले काढाले?" बोलता बोलता पुण्याची भाषा सुटून ती वऱ्हाडीवर आली.

राजकुमार सर म्हणाले, "काढ असं कुणी म्हटलं नाही. या शब्दांमुळे नवी आवृत्ती अडली आहे, लोक हसतात, असं आम्ही सगळे रोज थोडं थोडं बोलत होतो. मीही बोललो. एक दिवस सकाळी पाहिलं तर त्यानं स्वतःच ते काम केलेलं होतं. आम्ही त्याचे आभार मानले, मॅडम."

मयुरीनं फोन ठेवला. संताप करायला समोर कुणी उरलंच नव्हतं. ती नोंद गाळता आली असती, एवढं तिला येत होतं. पण ती गाळली की प्रसेनजितचं नाव शब्दसोबतीत कुठेच राहत नव्हतं. ठेवली, तर राहत होतं ते असं. दोन दिवस तिनं शाळेत नुसती हजेरी लावली. मग नोंद ठेवली, आणि नवी जागा सगळ्यांसाठी खुली केली.

संध्याकाळी किसनराव ओट्यावर बसले होते. चष्मा आधीच पुसून तयार. मयुरीनं मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी लेकाच्या नावावर बोट ठेवलं, आणि पडदा हलला म्हणून घाबरून उचललं.

मग ते मोठ्यानं वाचू लागले. "टोंगळा. उलुसा. बयताड... मले येड्याले म्हणे तो बयताड!" आणि हसले. वर्षभरानं हसले. "झाकट. हा माह्या मायचा शब्द. दिवस बुडून झाकट पडली का आवाज देये ती आमाले. धुरा. आरे, सारे हायेत वं मयुरी. एक नाही सोडला पोट्ट्यानं."

मयुरी खांबाला टेकून उभी होती. लाल रंग का, पुढे आडव्या रेघा का, काहीतरी विचारतील म्हणून ती मनात उत्तर जुळवत होती. त्यांनी तसलं काहीच विचारलं नाही. ते परत वर गेले आणि नावाखालची ओळ वाचली.

"वऱ्हाडी शब्द काढले." म्हाताऱ्यानं मान डोलावली. "बराबर लिवलं हाये. वावरातलं सोयाबीन काढतेत तसे काढले त्यानं. किती दिवस माह्याजोळ बसू बसू, एकेक इचारून काढले. नाही वं?"

"हाव बाबा," मयुरी म्हणाली. "त्यानंच काढले."