चार मिनिटे

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अतिदक्षता विभागात डॉक्टरबाईंच्या तोंडावर सलाइनचा स्टँड बसला. मारणारा सहा नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा थोरला मुलगा होता.

त्याआधी बाई थोरल्या-धाकट्या दोघा भावांना खाटेजवळ बोलावून सांगत होत्या. "आठ वाजता वडिलांच्या घशातली नळी कफानं तुंबली. चार मिनिटं मेंदूला प्राणवायू कमी पडला. चूक आमची."

"चूक म्हणजे?"

"अलार्म वाजत होता. इथं दिवसभर काही ना काही वाजतंच, म्हणून कुणी पाहिलं नाही. मीसुद्धा."

पहिल्या फटक्यात ओठ फाटला. दुसरा चुकला आणि व्हेंटिलेटरच्या काचेवर गेला. मशीन बंद पडले. म्हाताऱ्याची छाती हलायची थांबली.

बाईंनी हनुवटीवरचे रक्त पुसलेही नाही. नळीला हाताने श्वास द्यायचा फुगा जोडला आणि दोन्ही हातांनी दाबायला लागल्या.

"मारायचंच तर पाठीत मार," त्या मागे न बघता म्हणाल्या. "हात राहू देत."

त्याने मारले. पाठीत, दोनदा. सिस्टर ओरडायच्या ऐवजी मोठ्याने आकडे मोजत होती आणि त्या तालावर फुगा दबत होता. धाकट्याने मागून मिठी मारली तेव्हा स्टँड खाली पडला.

"दादा, त्यांच्याच हातावर बाबा आहेत रे."

"त्यांनीच मारलंय बाबांना."

सात मिनिटांनी दुसरे मशीन आले. तोवर बाई खाटेपासून हलल्या नाहीत.

दुपारी टाके घालून झाल्यावर रुग्णालयाचे व्यवस्थापक अहवालाचा कागद घेऊन आले. "मॅडम, आता तरी 'प्रकृती आधीपासूनच चिंताजनक होती' एवढंच लिहा. मार खाल्लात, वर नोकरीही घालवाल."

"मग ती चार मिनिटं कुठं लिहू?"

"लिहायचीच कशाला? चोवीस वर्षं काढलीत इथं, अजून एवढं कळत नाही?"

ओठ सुजल्याने त्यांना हसता आले नाही. त्यांनी वेळ टाकली, चार मिनिटे लिहिली आणि अलार्मकडे न पाहिल्याचे वाक्य स्वतःच्या नावापुढे घातले.

थोरल्याला पोलीस घेऊन गेले. धाकटा बाहेर बाकावर बसून आहे. पाच वाजता बाईंनी वेदना जाणवते का ते बघायला म्हाताऱ्याच्या नखांवर पेन दाबून पाहिले. उजवा हात किंचित मागे सरकला, डावा हलला नाही.

"म्हणजे जगतील ना?" बाईंनी बाहेर येऊन हे सांगितल्यावर धाकट्याने विचारले.

"माहीत नाही. सहाला परत बघते."

सहा वाजताही डावा हात हललेला नाही. डोळे अजून मिटलेले आहेत.