करदोड्याखालचं गजकर्ण

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात गवती चहाचं तेल विकणाऱ्या जगदेवच्या कमरेला, करदोड्याच्या बरोब्बर खाली, गजकर्ण झालं. हलवायाला मधुमेह झाला तर लोक हळहळतात. गजकर्णावरचं तेल विकणाऱ्यालाच गजकर्ण झालं, तर दुकान उठतं. म्हणून बिचारा बाजारात दिवसभर हात मागे बांधून उभा राही. अगदीच असह्य झालं की मागच्या निंबाच्या खोडाला कंबर घासून "लय उकडून राह्यलं बाप्पा" म्हणे.

गिऱ्हाइकाला तो बजावून सांगे, "एक थेंब तेल, चमचाभर खोबरेलात. नुसतं लावसान त आग होईन." घरी मात्र त्यानं बाटली तशीच कमरेवर उपडी केली. स्वतःच्या शेतातलं गवत, स्वतःची भट्टी. मालकाला कसलं आलंय पथ्य! कातडी भाजल्यासारखी लाल झाली, फोड आले, आणि गजकर्ण होतं तिथंच राहिलं.

"लोकाइले शायनपन वाटता वाटता घरी काईच उरलं नाई वाट्टे," त्याची बायको मनकर्णाबाई म्हणाली. त्याला तिचा राग आला नाही, स्वतःची मात्र मनापासून लाज वाटली.

शेवटी तोंडाला रुमाल बांधून तो वाशीमला कातडीच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी कंबर पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "असं नुसतं तेल लावायला कुणी सांगितलं?"

"शेलूबाजारले एक गाढव बसते, साहेब."

इतकं खरं तो बऱ्याच दिवसांत बोलला नव्हता. पण पडद्यापलीकडून आवाज आला, "खोटं नका बोलू, जगदेवभाऊ! मले त तुमी खोबरेलात घ्या म्हनलं होतं!"

टाचांच्या भेगा दाखवायला आलेली धुरपताबाई, त्याचं जुनं गिऱ्हाईक. तोंड झाकलं होतं, पण बाजारात ओरडून ओरडून ओळखीचा झालेला आवाज कसा झाकणार? डॉक्टरांनी मलम दिलं, ओला राहणारा करदोडा सोडायला लावला आणि तेल बंद केलं.

पुढच्या बाजारी धुरपताबाई चार बाया घेऊन दुकानापुढं हजर.

"सदरा वर करा," ती म्हणाली. "पाहू द्या लोकाइले, नुसतं लावल्यावर काय होते ते."

त्यानं सदरा वर केला. बाया फिदीफिदी हसल्या. "अन् गजकर्ण असन त पयले डॉक्टर," तो म्हणाला, आणि हे वाक्य आपल्या तोंडून निघालेलं पाहून स्वतःच चकित झाला.

त्या दिवशी बाटल्या फारशा खपल्या नाहीत. पण चारचौघांत कंबर खाजवायची मोकळीक त्याला पहिल्यांदाच मिळाली, आणि डॉक्टरांनी नको म्हटलेलं असूनही त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली.