डावा कोपरा

"सातच जागा हायेत, हिरामणदादा. आठवी कुठून आणू?" संघनायक मोरू म्हणाला. म्हणताना त्याने वर पाहिलं नाही.

गावदेवीच्या देवळापुढे सगळा संघ बसला होता. ऊन कलायला लागलं होतं. मिठागरातून परतलेल्या गड्यांच्या पोटऱ्यांवर खाऱ्या पाण्याचा पांढरा थर वाळला होता. पेणचे हुतूतूचे सामने चार दिवसांवर आले होते आणि आज नावं ठरवायची होती.

हिरामण उजवा पाय लांब करून खांबाला टेकला होता. वय छत्तीस. सतरा वर्षं तो या गावाकडून खेळत होता. पन्नास साली त्याने एकाच चढाईत चार गडी बाद केले होते, ती गोष्ट उरणपासून नागोठण्यापर्यंत लोक अजून सांगत. पण तीन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी सरकली. बसवली की दोन महिने बरं, मग पुन्हा तेच. गेल्या साली उपांत्य सामन्यात तिसऱ्याच चढाईला तो कोसळला. संघ सहा गड्यांवर खेळला आणि हरला. तेव्हा तोंडावर कुणी काही बोललं नव्हतं.

"त्याला बघूनच समोरच्यांची निम्मी छाती फुटते," म्हातारे बाबाजी म्हणाले. गावात हा संघ त्यांनीच उभा केला होता. "त्यालाच घरी बसवनार तुम्ही?"

"फुटायची, बाबाजी. आता समदे त्याच्या गुडघ्यावर टपून असतात. मला काय गोड वाटतं? खेळ मला दादानंच शिकवला. पण धर्मा बावीस वर्षांचा हाय. दिवसभर मीठ ओढून बी वाऱ्यासारखा धावतो. त्याला अजून किती साल बाहेर ठेवू?" मोरूने विचारलं.

धर्मा मान खाली घालून जमिनीवरचा खडा उकरत राहिला.

हिरामण खांब धरून उठला. "बोलून काय व्हनार? आखा रेघ. तुम्ही सात जण उभे रहा, मी एक चढाई करतो. गडी मारून परत आलो, तर माझं नाव. न्हाय आलो, तर धर्माचं."

त्याची बायको केसर पाण्याची कळशी घेऊन चालली होती, ती तिथंच थांबली. "आवं, पर गुडघा…"

"गुडघ्यालाच विचारायचं हाय," तो म्हणाला.

त्याने दम भरला आणि हुतूतू म्हणत रेघ ओलांडली. शरीराला सगळं आठवत होतं. डावीकडे हूल दिली, उजवीकडे वळला, हात धर्माच्या खांद्याला लागला. तोच तिघं अंगावर आले. मोरूने खाली झेपावून त्याचा उजवा घोटा धरला. हिरामण फरफटत रेघेपर्यंत आला, आणि घोट्यावरची पकड एकदम सैल झाली. त्याचा हात रेघेपलीकडे पडला.

आरडाओरडा झाला. बाबाजींनी टाळ्या वाजवल्या. हिरामण मात्र उठला नाही.

"मोरू, हात का सोडलास?"

"निसटला, दादा."

"तुझ्या हातातून पाय निसटत न्हाय. पकड तुला मी शिकवली."

मोरू हाताची माती पुसत राहिला.

"परत उभे रहा," हिरामण म्हणाला. "अन् या वक्ताला सोडलास, तर मी तुमच्यात परत यायचा न्हाय."

दुसऱ्यांदा मोरूने दोन्ही हातांनी घोटा आवळला. हिरामण कोपरांवर सरपटत निघाला. कातडी सोलली, आवाज चिरकला, गुडघ्यातून कळ थेट मस्तकात गेली. रेघ चार बोटांवर राहिली आणि दम तुटला. त्यानंतरही मोरू घोटा धरून तसाच पडून होता, तोंड मातीत घालून.

हिरामण हरला होता. पण मघाच्या टाळ्यांपेक्षा हे बरं होतं. हे खरं होतं.

"सोड आता," तो हळूच म्हणाला. "चढाईला धर्मा." मग उठून बसला. "डाव्या कोपऱ्यात कोन हाय?"

"पक्का कुनी न्हाय. येसाजी मुंबईला कामाला गेला, तवापासून बदली पोरगा उभा करतो," मोरू म्हणाला.

"कोपऱ्यात धावावं लागत न्हाय. नजर लागते अन् हात लागतात. दोन्ही शाबूत हायेत माझे. भीक मागत न्हाय मी. उद्यापासून धर्मानं रोज माझ्यावर दहा चढाया करायच्या. तिसऱ्या दिवशी निम्म्या पकडल्या न्हाय, तर मीच पेणच्या लॉरीत चढायचा न्हाय."

पहिल्या दिवशी त्याने दोन पकडल्या. दुसऱ्या दिवशी चार. रोज घरी आल्यावर केसर मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून गुडघा शेकायची.

"चढाईवाला कोपऱ्यात उभा राह्यला म्हनून हसतील लोक," ती म्हणाली.

"हसू दे. शेक नीट."

तिसऱ्या दिवशी त्याने सहा पकडल्या. सहाव्या वेळी त्याच्याखाली दबलेला धर्माच पहिल्यांदा हसला.

पेणचा पहिला सामना त्यांनी जिंकला, त्यात दोन पकडी हिरामणच्या होत्या. उपांत्य सामन्याला गर्दी दोरावर रेलली. "हिरामण, चढ! हिरामण!" लोक ओरडत होते. त्याने मोरूकडे पाहून मान हलवली. चढाईला धर्मा गेला आणि गडी मारून आला.

डाव्या कोपऱ्यामागे, दोरापाशी केसर उभी होती. शेजारच्या माणसाने तिला विचारलं, "बाय, तो चढाईवाला हिरामण कोन यातला? त्याच्यासाठी रोह्याहून आलोय."

"तो काय, कोपऱ्यातला."

"तो? तो तर पुढं बी जात न्हाय."

"न्हाय जात," केसर म्हणाली. "त्याची जागा ती हाय."

हिरामणने ते ऐकलं. मागे वळून पाहायला वेळ नव्हता. समोरचा दांडगा गडी हुतूतू घुमवत रेघ ओलांडून आला आणि थेट त्याच्याच बाजूला वळला, नजर त्याच्या उजव्या गुडघ्यावर.

हिरामणने तो गुडघा जरासा पुढे केला, आणि दोन्ही हात तयार ठेवून वाट पाहत उभा राहिला.