न पुसलेला हात

महामायाचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार तेवीस. तिचे आजोबा, पिंपळगाव राजाचे शंकरराव, यांना आदल्या हिवाळ्यात लकवा मारून गेला होता. डावा पाय नुसता फरपटायचा. नातीच्या लग्नात चाकाच्या खुर्चीत बसून सोयऱ्यांना तोंड दाखवणार नाही, असा त्यांनी हेकाच धरला होता. घरादारानं समजावलं, ते ऐकेनात.

महामायाची धाकटी बहीण धम्मशीला पुण्याला सिनेमाच्या कामात होती. उडणाऱ्या हिरोच्या कमरेचे दोर कॉम्प्युटरवर पुसून टाकायचं तिचं काम.

ती म्हणाली, "आबा, तुम्ही चालून राह्यले असा व्हिडिओ बनवतो. लग्नात तोच दाखवू."

"अन् पाय कुठून आणशीन वं?"

तिनं मलकापूरहून हिरवंगार कापड आणलं. डोक्यापासून पायापर्यंत झाकणारे दोन झगे शिवले, हातमोजेसुद्धा. एक बापाला, नागसेनला. दुसरा आजीला, तानाबाईला.

"पोपट दिसून राह्यलो मी," तानाबाई म्हणाल्या.

"माय, मी तरी कोणता देखणा दिसून राह्यलो?" नागसेन म्हणाला.

धम्मशीलानं आधी मोकळ्या अंगणाचं चित्र घेतलं. मग दोघांनी शंकररावांना दोन्हीकडून धरून फाटकापर्यंत चालवलं. जिथं जिथं हिरवं दिसलं, तिथं कॉम्प्युटरनं मोकळं अंगण बसवलं.

संध्याकाळी शंकररावांनी पाहिलं, तर पांढऱ्या सदऱ्यात ते एकटेच चालले होते. त्यांचे डोळे भरून आले. मग ते पुढे वाकले.

"हे काय लटकून राह्यलं वं?"

त्यांच्या कोपराला एक हात धरून होता. सुरकुतलेला, गोंदलेला. मनगटामागे काहीच नाही.

"आजी! मोजा काऊन काढला?"

"घसरून राह्यला होता तो. तुह्या शिनेमापायी माणूस पाडू काय?"

"थांबा, पुसतो आत्ता."

शंकरराव हसायला लागले. लकव्यानंतर पहिल्यांदाच, ठसका लागेपर्यंत हसले.

"पुसू नको. तो हात नसता तं मी आडवा झालो असतो." त्यांनी तानाबाईंकडे बोट केलं. "लग्नाले मीच येतो. खुर्चीत येतो, पण बुद्धवंदनेले उभा राहीन. ही हाये ना धरायले."

"झगा घालून काय?" तानाबाईंनी विचारलं.

वंदनेला शंकरराव उभे राहिले. कोपराला धरलेला हात साऱ्या सोयऱ्यांनी पाहिला. पुढच्या उन्हाळ्यात ते काठी टेकत फाटकापर्यंत जाऊ लागले. आजही जातात. तो व्हिडिओ त्यांच्या मोबाईलमध्ये आहे, हातासकट.

तानाबाई दोन हजार चोवीस साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारल्या.