पुढच्या रांगेतला नकार

कार्यक्रम अतिशय यशस्वी झाला, असं प्राचार्यांनी माइकवरून जाहीर केलं. आपण मात्र असं धरून चालू की तो झालाच नाही, आणि मी अजून सभागृहाच्या दारात, इस्त्रीच्या शर्टात, निष्पाप उभा आहे.

विषय होता संमती. माझी ताई समुपदेशक आहे. लैंगिक अत्याचार कसे रोखता येतील, यावर ती कॉलेजांत जाऊन मुलामुलींशी बोलते. मी तिचा धाकटा भाऊ. पोरं पेंगायला लागली की हसवायचं, एवढंच माझं खातं.

पोरं नुकतीच जेवून आलेली. मागची रांग तर खुलेआम घोरत होती. ताईने खूण केली. मी माइक घेतला आणि पुढच्या रांगेतल्या एका चष्मेवालीकडे बोट केलं.

"चल, ये वर. छोटं नाटुकलं करू."

"नको, सर."

"अगं, खात नाही मी तुला!"

"खरंच नको."

"लाजतेय! टाळ्या होऊन जाऊ द्या!"

सभागृह टाळ्या पिटू लागलं. घोरणारेही उठून पिटू लागले. मैत्रिणींनी ढकललं. ती आली.

"आता मी विचारणार, खांद्यावर हात ठेवू का? तू ठणकावून नाही म्हणायचं."

"नाही."

"आवाज पोचला नाही!"

तिने माझ्याकडे पाहिलं. "मघाशी खालून म्हटलं सर, तो तरी पोचला होता का?"

हशा पिकला. सगळ्यांना वाटलं, हे आम्ही बसवूनच आणलंय. तसं नाही, हे सांगायला मला भरपूर वाव होता. मी म्हणालो, "वा! काय टायमिंग!" आणि कमरेत वाकून दाद स्वीकारली.

बाहेर ताईने गाठलं. "शहाण्या, तिची माफी मागितलीस?"

"तिकडेच निघालोय."

"ती पार्किंगमध्ये आहे. तू संडासाकडे चाललायस."

पार्किंगमध्ये ती स्कूटर काढत होती. मी लांबूनच विचारलं, "एक मिनिट बोलू का?"

"नको."

हा मात्र पहिल्या फटक्यात पोचला. मी जागच्या जागी थांबलो. ती निघून गेली. तोंडाशी आलेली माफी गिळावी लागली आणि ती अजून घशातच आहे. जेवण जातं, पाणी जातं, ती जात नाही.

म्हणून प्राचार्यांना रीतसर अर्ज केला आहे: सदर विद्यार्थिनीने व्यासपीठाखालून दोन वेळा दिलेला नकार मागील तारखेपासून मंजूर करण्यात यावा व तिला अद्याप स्वतःच्या खुर्चीवरच बसलेली समजण्यात यावे, ही नम्र विनंती.